रेडमी ए४ ५जी : साडेआठ हजारांत काय मिळतं, अन् कुठं अडतं

बुलढाणा : सोयाबीनचा पैसा हातात आला की घरात मोबाइलचा विषय निघतोच. जुना फोन एक तर हँग होतो, नाही तर त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते. ई-पीक पाहणी, केवायसी, पोरांचा अभ्यास, फोन-पे, सातबारा ही सगळी कामं आता मोबाइलवर आली आहेत. घरात मात्र चालू फोन एकच, अन् तो चौघांत फिरतो. मग दुकानात गेलं की दहा हजारांच्या आतले ‘५जी’ लिहिलेले फोन पुढं येतात. शाओमी कंपनीचा रेडमी ए४ ५जी हा त्यातलाच एक.

हा फोन वाईट नाही. काही बाबतीत तर किमतीच्या मानाने चांगलाच आहे. पण घेणाऱ्याच्या खिशात सिमकार्ड कोणत्या कंपनीचं आहे, यावर त्याचा निम्मा फायदा ठरतो. खोक्यावरच्या ‘५जी’ या अक्षरांवरून ते कळत नाही.

दिल्लीच्या इंडिया मोबाइल काँग्रेसमध्ये १६ ऑक्टोबर २०२४ ला हा फोन पहिल्यांदा दाखवला गेला. २० नोव्हेंबरला किंमत जाहीर झाली अन् २७ नोव्हेंबरपासून विक्री सुरू झाली. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेजचा फोन ८,४९९ रुपयांना आणि १२८ जीबीचा ९,४९९ रुपयांना आला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. म्हणजे हमीभावाने हिशेब धरला तरी हा फोन पावणेदोन क्विंटल सोयाबीनचा. बाजारात मिळालेला भाव धरला तर दोन क्विंटलच्या घरात जातो. दोन क्विंटल माल देऊन घ्यायची वस्तू चार ठिकाणी विचारूनच घ्यावी.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. वर दिलेल्या किमती फोन बाजारात आला तेव्हाच्या आहेत. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिप महाग झाल्या अन् त्याचा चटका स्वस्त फोनला जास्त बसला. त्यामुळे आज दुकानात काय भाव निघतो, ते दोन-तीन ठिकाणी विचारूनच ठरवा.

आधी सिम, मग फोन

देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. पण सगळ्या कंपन्यांनी ते एकाच पद्धतीने उभं केलं नाही. जिओने सुरुवातीपासून ‘एसए’ पद्धत घेतली, म्हणजे पायापासून नवीन घर बांधलं. एअरटेलने ‘एनएसए’ पद्धत घेतली, म्हणजे ४जीच्या जुन्या घरावरच वरचा मजला चढवला. ग्राहकाला दोन्हीकडे स्क्रीनवर ५जीच दिसतं. पण फोनच्या आतल्या यंत्रणेला दोन्ही पद्धती यायला लागतात.

रेडमी ए४ मधल्या स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ या चिपवर फक्त एसए ५जी चालतं. त्यामुळे जिओच्या सिमवर ५जी मिळतं, एअरटेलच्या एनएसए ५जीवर मिळत नाही. एअरटेलचं सिम टाकलं की फोन ४जीवरच राहतो. कंपनीने ही बाब लपवलेली नाही, माहितीत दिलेली आहे. पण माहितीपत्रकाची तळटीप वाचून फोन घेणारा माणूस गावात किती सापडेल? दुकानात तर बहुतेक वेळा विषयच निघत नाही. हीच चिप असलेल्या पोको सी७५ ५जी या फोनचंही असंच आहे. तो डिसेंबर २०२४ मध्ये ७,९९९ रुपयांना आला होता.

म्हणून एअरटेलवाल्याने हा फोन घेऊच नये का? तसं नाही. ४जीवर कॉल, व्हॉट्सॲप, पैसे पाठवणं, व्हिडिओ सगळं चालतं. मात्र ५जीसाठी म्हणून जे जास्तीचे पैसे मोजले जातात, ते वाया जातात. एअरटेलने काही सेवांसाठी एसए पद्धत सुरू केली आहे. पण आपल्या टॉवरवर ती उद्या येईल या आशेवर आज फोन घेऊ नये. व्हीआयचं सिम असेल तर दुकानदाराला हाच प्रश्न विचारायचा. घरात जिओ अन् एअरटेल अशी दोन सिम असतील तर नेट जिओवर लावून काम भागतं.

बीएसएनएलवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या आडगावांत, तसंच घाटातल्या काही वस्त्यांवर लोक अजून बीएसएनएलचं सिम ठेवून आहेत. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं. त्याच्या लांब पल्ल्याच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झच्या आहेत, त्याला ‘बँड २८’ म्हणतात. कोणताही फोन घेताना ४जीच्या यादीत हा बँड आहे का, ते बघावं. नाही तर गावात टॉवर असून फोनला रेंज कमी, असं व्हायचं.

आता मूळ प्रश्न : गावात ५जी येतं का? तालुक्याच्या ठिकाणी, मोठ्या गावांत, महामार्गाच्या कडेला चित्र वेगळं. डोंगराच्या आडोशाला, ज्ञानगंगा किंवा अंबाबारवा अभयारण्याच्या कडेच्या गावांत वेगळं. ट्रायच्या आदेशानंतर मोबाइल कंपन्यांनी आपापल्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे टाकले आहेत. त्यात ४जी कुठं, ५जी कुठं हे वेगवेगळं दिसतं. नकाशा बघावा, पण शेवटचा शब्द त्याचा धरू नये. गावात ज्याच्याकडे ५जी फोन आहे त्याला घेऊन आपल्या घरात, अंगणात अन् वावरात उभं राहून बघितलं की पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं.

रिचार्जचंही बघा. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेल दोघांनीही अमर्याद ५जी हे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनलाच ठेवलं. रोजच्या दीड जीबीचा किंवा त्याहून लहान रिचार्ज मारणाऱ्याच्या हातात ५जी फोन आला तरी अमर्याद ५जी मिळत नाही. फोन एकदाच घ्यायचा असतो, रिचार्ज दर महिन्याला.

बॅटरी ही खरी जमेची बाजू

५,१६० एमएएचची बॅटरी आहे. चिप ४ नॅनोमीटरची असल्याने वीज कमी खाते. कॉल, व्हॉट्सॲप, थोडं यूट्यूब असा वापर असेल तर सकाळी भरलेला फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जायला हरकत नाही. रेंज कमी असलेल्या भागात मात्र फोन सारखा टॉवर शोधत राहतो अन् बॅटरी लवकर उतरते. ५जी मिळत नसेल तिथं सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर ठेवलं तर बराच फरक पडतो. हा उपाय फुकटचा आहे, अन् कोणत्याही ५जी फोनला लागू आहे.

खोक्यात ३३ वॅटचा चार्जर येतो. फोन मात्र १८ वॅटनेच चार्ज होतो. म्हणजे ‘३३ वॅट’ हा आकडा चार्जरचा आहे, फोनचा नाही. तरी चार्जर सोबत येतो हे महत्त्वाचं. काही कंपन्यांच्या फोनसोबत तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. रिकामा फोन भरायला दोन तासांच्या आसपास धरा. घरातल्या जुन्या बारक्या चार्जरने लावला तर रात्रभर. लाइनचा भरवसा नाही अशा गावात हा फरक लहान नाही. रात्री मोटर सुरू करायला जाणाऱ्याला टॉर्च लागतो, अन् टॉर्चला बॅटरी.

घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव पट्ट्यात एप्रिल-मेचं ऊन कसं असतं ते सांगायची गरज नाही. लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज होणं सोसत नाही. टिनाच्या घरात भर दुपारी चार्जिंगला लावलेला, मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवलेला किंवा ट्रॅक्टरच्या बोनेटवर विसरलेला फोन दोन वर्षांत फुगलेली बॅटरी दाखवतो. मग दोष कंपनीला दिला जातो. उन्हाळ्यात सकाळी किंवा रात्री चार्ज करा, अन् चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढून ठेवा.

वावरात कसा चालतो

ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. आता सातबाऱ्यावर पिकाची नोंद, त्यावरून विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने खरेदी अशी सगळी साखळी तिला जोडलेली आहे. पाहणीची मुदत चुकली अन् सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा राहिला, तर पुढं तलाठी कार्यालयाच्या चकरा ठरलेल्या. गावात नेमलेले सहायक राहिलेली नोंद करतात, पण शेवटच्या आठवड्यात तेही कुणाकुणाला पुरणार? म्हणून शेतकऱ्याच्या घरात फोनची खरी परीक्षा इथंच होते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : गटाची जागा बरोबर दाखवणारं जीपीएस, पिकाचा फोटो, अन् ॲप मधेच बंद पडू नये इतकी रॅम.

जीपीएससाठी या फोनमध्ये काही खास नाही, कमीही नाही. जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला रेंज लागत नाही. पण रेंज किंवा नेट असेल तर जागा लवकर सापडते. वावरात पोचल्यावर लगेच ॲप उघडून ‘चुकीचं अंतर दाखवतं’ म्हणून वैतागण्यापेक्षा आधी लोकेशन चालू करा. मोकळ्या आभाळाखाली, झाडापासून बाजूला दोन-तीन मिनिटं उभं राहा. ढगाळ दिवसापेक्षा दाट झाडी अन् विजेचे खांब जास्त त्रास देतात. लोकेशनच्या सेटिंगमध्ये ‘अचूक’ हा पर्याय चालू असावा. वीज पडण्याची सूचना देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपलाही हेच लोकेशन लागतं. सोंगणीच्या दिवसांत ते ॲप फोनमध्ये असलेलं बरं.

स्क्रीन ६.८८ इंचाची आहे, म्हणजे चांगली मोठी. सातबारा, आठ-अ, पोरांच्या पुस्तकाची पीडीएफ वाचायला हा आकार कामाचा. चष्मा लागलेल्या माणसाने अक्षरं मोठी करून ठेवली तरी स्क्रीनवर चार ओळी मावतात. १२० हर्ट्झमुळे बोटाने वर-खाली करताना ती सरळ पळते. पण स्क्रीन ‘एचडी प्लस’ आहे, ‘फुल एचडी’ नाही. इतक्या मोठ्या काचेवर बारीक अक्षरं थोडी फाटल्यासारखी दिसतात. उजेड ६०० निट्सपर्यंत जातो. सावलीत भरपूर, भर दुपारच्या उन्हात कमी. बारा वाजता पऱ्हाटीत उभं राहून फोटो नीट आला की नाही हे बघायचं तर पाठ उन्हाकडे करून, उपरण्याची सावली धरावी लागते. २१२ ग्रॅमच्या जवळपास वजन अन् हा आकार, त्यामुळे सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन ठेवून वाकलं की तो बाहेर आलाच म्हणून समजा. विहिरीवर वाकताना तर खिशात ठेवूच नका.

फवारणीच्या दिवसांत औषधाच्या हाताने स्क्रीनला हात लावू नका. फोन बिघडेल म्हणून नाही, तोच फोन नंतर कानाला अन् लेकराच्या हातात जातो म्हणून.

रॅमचा खेळ

दुकानात ‘आठ जीबी रॅम’ असं ऐकायला येतं. खरी रॅम ४ जीबी आहे. बाकीचे ४ जीबी हे स्टोरेजमधून उसने घेतलेले. खरी रॅम ही घरातली जागा असेल तर उसनी रॅम म्हणजे शेजाऱ्याचा ओटा : सामान ठेवता येतं, पण ये-जा करायला वेळ लागतो. त्यावर वेगळे पैसे देण्यासारखं काही नाही. ६४ जीबीच्या फोनमध्ये तर ती चालू ठेवली की स्टोरेजही कमी होतं.

तरी ४ जीबी खरी रॅम असणं ही या किमतीत जमेची गोष्ट आहे. निवृत्तिवेतनवाल्यांच्या ‘जीवन प्रमाण’ हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा दाखवून जी ओळख पटवली जाते, त्याला ४ जीबी रॅम, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असा फोन लागतो असं सांगितलेलं आहे. पीएम-किसानच्या ॲपमध्येही २०२३ पासून चेहऱ्याने ई-केवायसीची सोय आहे. बोटाचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांना, जन्मभर विळा-खुरपं धरलेल्या बायांना ही सोय फार कामाची. सेतूवर चार वेळा अंगठा घासूनही ठसा उमटत नाही, तिथं चेहरा चालतो. २-३ जीबी रॅमचे स्वस्त फोन इथं अडखळतात. ए४ चा पुढचा कॅमेरा बरोबर ५ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे काठावर पास. अंधाऱ्या खोलीत बसून प्रयत्न करू नका. दारात, तोंडावर उजेड घेऊन बसा.

स्टोरेज यूएफएस २.२ प्रकारचं आहे. यात ॲप उघडायला वेळ कमी लागतो. स्वस्त फोनमध्ये अनेकदा जुन्या पद्धतीचं ईएमएमसी स्टोरेज असतं, तेच वर्ष-दीड वर्षात फोन रडकुंडीला आणतं. ही गोष्ट जाहिरातीत कुणी ठळक सांगत नाही, पण फोन दोन वर्षांनी कसा चालेल हे बरंचसं यावर अवलंबून असतं.

६४ जीबी घ्यावा की १२८? हजार रुपयांचा फरक होता. ६४ जीबीतली बरीच जागा फोनची यंत्रणाच घेते. राहिलेल्यात व्हॉट्सॲपचे ग्रुप, भजनाचे, कीर्तनाचे व्हिडिओ, सुप्रभातचे फोटो अन् लग्नाच्या आठवणी. घरात एकच फोन असेल तर १२८ चा घ्यावा. मेमरी कार्ड १ टीबीपर्यंत चालतं, पण ॲप कार्डावर नीट चालत नाहीत. फोटो-व्हिडिओपुरतं कार्ड ठीक. अन् दुकानात सिमचा ट्रे काढून बघा : दोन सिम टाकल्यावर कार्डाला वेगळा खाचा उरतो का? नसेल तर दुसरं सिम अन् कार्ड यातलं एकच निवडावं लागतं.

कॅमेरा : दिवसा ठीक

५० मेगापिक्सेल हा आकडा ऐकून फार हुरळायचं काम नाही. फोन चार ठिपक्यांचा एक करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. दिवसा उजेडात फोटो स्वच्छ येतो. ई-पीक पाहणीला, पंचनाम्याला, कृषी सहायकाला व्हॉट्सॲपवर पाठवायला पुरेसा. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी निघाली, तर फोटो काढताना फोन फार जवळ नेऊ नका. एका वितीवरून काढा अन् मग बोटाने मोठा करा. अगदी जवळून काढलेला फोटो धूसर येतो, अन् पलीकडच्या माणसाला अळी आहे की काडी तेही कळत नाही.

रात्री, वरातीत किंवा घरात ट्यूबलाइटखाली फोटो दाणेदार येतात, हललेले येतात. सेल्फी साधारण. ज्याला फोटोचीच हौस आहे त्याच्यासाठी हा फोन नाही.

आवाज एकाच स्पीकरमधून येतो. इअरफोनचं जुनं गोल होल ठेवलेलं आहे, त्यामुळे शंभर रुपयांचा साधा इअरफोन चालतो. चार्जिंगचं होल टाइप-सी. बोटाचा ठसा बाजूच्या बटणावर. मातीचे, ओले हात असतील तर तो ओळखत नाही, म्हणून पिन नंबरही लावून ठेवा. अन् तो नंबर फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवू नका. आठवडी बाजारात चोरी झाली तर फोनसोबत बँक खातंही जातं.

जाहिराती अन् अपडेट

स्वस्त फोनची एक किंमत जाहिरातीतून वसूल होते. नको असलेली ॲप आधीपासून भरलेली असतात, सारख्या सूचना वाजतात, गेम उघडा म्हणतात. लहान लेकराच्या किंवा नवख्या माणसाच्या हातात हे धोक्याचं आहे. कर्ज देतो म्हणणारं ॲप कुठून डाउनलोड झालं, हे नंतर कुणालाच आठवत नाही. फोन घेतल्याच्या पहिल्या दिवशी घरातल्या जाणत्या पोराला बसवून नको ती ॲप काढून टाका. शाओमीच्या फोनमध्ये ‘पासवर्ड आणि सुरक्षा’ या भागात परवानगी देण्या-काढण्याचा पर्याय असतो. त्यात ‘एमएसए’ नावाची गोष्ट बंद केली की जाहिराती बऱ्याच कमी होतात. बंद करताना तो दहा सेकंद थांबवतो, कधी एका वेळेत बंद होत नाही. पुन्हा करायचं.

फोन अँड्रॉइड १४ वर आला. दोन वेळा नवीन अँड्रॉइड अन् चार वर्षं सुरक्षेचे अपडेट देऊ, असं कंपनीने सांगितलं. या किमतीत हे चांगलं. पण ही चार वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात, आपण घेतला तेव्हापासून नाही. म्हणजे २०२८ च्या अखेरीपर्यंत. आज नवा घेतला किंवा कुणाचा जुना घेतला, तरी गेलेला काळ वजा करूनच किंमत ठरवा. बँकेची अन् पैशांची ॲप जुन्या यंत्रणेवर हळूहळू बंद पडतात.

यापेक्षा दुसरा कोणता

गावात ५जी येतच नसेल, किंवा रिचार्ज लहानच मारायचा असेल, तर ५जीचे पैसे कशाला द्यायचे? त्याच कंपनीचा रेडमी ए५ हा ४जी फोन एप्रिल २०२५ मध्ये आला. ३ जीबी-६४ जीबी ६,४९९ रुपयांना अन् ४ जीबी-१२८ जीबी ७,४९९ रुपयांना. स्क्रीन तितकीच मोठी, बॅटरी ५,२०० एमएएच. चिप हलकी आहे, काम सावकाश चालतं. घ्यायचा तर ४ जीबीचाच घ्या. ३ जीबीवाला वर वाचवलेले हजार रुपये वर्षभरात डोकेदुखीने परत घेतो.

एअरटेलचं सिम असून ५जी हवंच असेल तर सॅमसंगचे गॅलेक्सी एफ०६ ५जी आणि ए०६ ५जी बघावेत. दोन्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये आले, किंमत दहा हजारांच्या आतबाहेर. त्यांच्यावर सगळ्या कंपन्यांचं ५जी चालतं अन् अँड्रॉइडचे चार अपडेट देण्याचं कंपनीने सांगितलं आहे. पण खोक्यात चार्जर नाही. त्याचे पैसे वेगळे धरा, म्हणजे फरक दीड-दोन हजारांवर जातो. ज्याचं सिम जिओचं आहे त्याने हा फरक देण्यात अर्थ नाही.

जिओचं सिम, गावात ५जीची रेंज, कॉलेजात जाणारं पोरगं किंवा पोरगी अन् नऊ-साडेनऊ हजारांची ऐपत, अशा घराला रेडमी ए४ चा १२८ जीबी फोन बरोबर बसतो. एअरटेलवाल्या घराला तो ४जी फोन म्हणूनच बसतो, अन् तेवढ्याच कामाचा ४जी फोन हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो.

दुकानात गेल्यावर

स्वतःचं सिम सोबत न्या. दुकानदाराच्या फोनवर नाही, जो फोन घ्यायचा त्यातच ते टाकून वर ५जी येतं का बघा. त्याआधी त्या दुकानाच्या जागी आपल्या कंपनीचं ५जी आहे याची खात्री करा, नाही तर बिचाऱ्या फोनवर उगाच आळ येतो. एक कॉल लावा, आवाज ऐका. दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन स्क्रीन बघा.

*#०६# दाबलं की आयएमईआय नंबर दिसतो. तो खोक्यावरच्या अन् बिलावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. जुना फोन घेत असाल तर हे फारच जरूरीचं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय १४४२२ वर मेसेज केला की तो फोन कोणत्या कंपनीचा, कोणता, अन् ब्लॉक केलेला आहे का, ते कळतं. चोरीचा फोन स्वस्तात घेणाऱ्याच्या घरी उद्या पोलीस येतात, विकणाऱ्याच्या नाही. आपला फोन हरवला तर पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो बंद करता येतो. त्यासाठीही आयएमईआय अन् बिल लागतं.

हप्त्यावर घेत असाल तर ‘झिरो टक्के’ या शब्दावर जाऊ नका. प्रोसेसिंग फी, विमा, कार्डाचे पैसे असं सगळं मिळून शेवटी एकूण किती द्यायचे, तेवढा एकच आकडा कागदावर लिहून घ्या. काही फायनान्सवाले फोनमध्ये असं ॲप टाकतात की हप्ता चुकला की फोनच लॉक होतो. ऐन ई-पीक पाहणीच्या दिवसांत फोन लॉक झाला तर? आधी विचारून घ्या.

बिल पक्कं घ्या, जीएसटीसह, स्वतःच्या नावाचं. शाओमीची वॉरंटी फोनवर एक वर्षाची अन् चार्जरवर सहा महिन्यांची असते. फुटलेली स्क्रीन अन् पाणी गेलेला फोन तिच्यात बसत नाही. सर्व्हिस सेंटर खामगावला आहे, बुलढाण्याला की थेट अकोल्याला जावं लागेल, हे घेतानाच विचारा. दोन चकरा मारल्या की भाड्यातच दुरुस्तीचे पैसे जातात. बिल असून दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार सांगता येते. फोनवरून कुणी पैसे उडवले तर १९३० वर लगेच, त्याच तासात फोन करा. बिलाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही ठेवा. त्याच फोनमध्ये ठेवलेलं बिल फोनसोबतच जातं.